विश्लेषण : स्पीच थेरपीच्या अभ्यासक्रमात ‘प्रॉक्सी’ इतकी महाग का पडते? हजेरी आणि नोंदींचे नियम काय सांगतात?

‘प्रॉक्सी’ म्हणजे काय, हे कॉलेजात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. मित्राने हजेरी लावली, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढले, की सेमिस्टर पार. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये असे केले तर नुकसान बहुतेक वेळा स्वतःचेच होते. स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये मात्र समोर यंत्र नसते, माणूस असतो. म्हणूनच या अभ्यासक्रमात हजेरी आणि प्रामाणिकपणा हे दोन वेगळे विषय राहत नाहीत.

हा अभ्यासक्रम नेमका कसा असतो?

‘बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी’ म्हणजेच बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी. त्यातले एक वर्ष इंटर्नशिपचे. मुंबईत नायर रुग्णालय, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ अशा ठिकाणी हे शिक्षण मिळते. अभ्यासक्रमाचे निकष भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय ठरवते. विद्यार्थी आधी बसून निरीक्षण करतात आणि नंतर सुपरवायझरच्या देखरेखीखाली स्वतः तपासणी व थेरपी करतात. किती तास, कोणते रुग्ण, काय केले, याची नोंद लॉगबुकमध्ये होते आणि त्यावर सुपरवायझरची सही लागते.

क्लिनिकच्या हजेरीचा हिशेब वेगळा का?

तासाला दांडी मारली तर नोट्स मिळतात. क्लिनिकला दांडी मारली तर ठरलेली वेळ घेऊन आलेल्या मुलाची थेरपी बुडते. पालकांनी सुट्टी टाकलेली असते, कुणी एसटीने तालुक्याहून आलेले असते. शिवाय थेरपी सरावावर चालते. मध्ये खंड पडला की जमलेला उच्चार पुन्हा निसटू शकतो. त्यामुळे थिअरी आणि क्लिनिकची हजेरी वेगवेगळी मोजली जाते आणि क्लिनिकचा निकष अधिक कडक असतो. एकीकडची जादा हजेरी दुसरीकडे वळती करता येत नाही.

आजारी पडल्यास काय करावे?

ताप-खोकला असताना हजेरीसाठी क्लिनिकला जाणे हेही चूकच. समोर नवजात बाळ किंवा पक्षाघाताचा रुग्ण असू शकतो. सुपरवायझरला आधी कळवावे, म्हणजे रुग्णाला दुसरा विद्यार्थी किंवा दुसरी वेळ देता येते. बुडालेले तास नंतर भरून काढण्याची सोय आहे का, हे विभागात लेखी विचारून घ्यावे. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले, की प्रश्न हजेरीचा न राहता गैरवर्तनाचा होतो.

एका खोट्या आकड्याने काय बिघडते?

एक उदाहरण घेऊ. सहा वर्षांचा मुलगा ‘घर’ला ‘घल’ म्हणतो. ‘र’ असलेले शब्द २० वेळा म्हणून घेतले, त्यातले ८ बरोबर आले. म्हणजे ४० टक्के. विद्यार्थ्याने सत्र नीट न घेता ‘१६ बरोबर’ असे लिहिले, तर कागदावर ८० टक्के दिसतात. मग त्या आकड्यावर विसंबून शब्दांवरून थेट वाक्यांचा सराव सुरू होतो. मूल अडते आणि ‘घरी सराव करून घेत नाही’ असा ठपका आईवर येतो.

श्रवणचाचणीत तर आकड्याला कायदेशीर वजन असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर ती व्यक्ती ‘ऐकण्यास कठीण’ गटात येते आणि ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर ‘कर्णबधिर’ गटात. चाचणी पूर्ण न करता अंदाजाने टाकलेले पाच-दहा डेसिबल माणसाचा गट बदलू शकतात.

सर्वांत मोठा धोका गिळण्याच्या तपासणीत असतो. पक्षाघातानंतर रुग्णाला तोंडाने अन्न द्यावे की नाही, हे ठरवण्यात स्पीच थेरपिस्टचा मोठा वाटा असतो. न पाहताच ‘पाणी पिताना खोकला नाही’ असे लिहिले आणि अन्न श्वासनलिकेत गेले, तर न्यूमोनिया होऊ शकतो.

कॉपी पकडणारे सॉफ्टवेअर इथे कमी का पडते?

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीची २०१८ ची नियमावली आहे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर तो सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते.

पण हे सगळे मोजमाप मजकुराच्या साम्याचे आहे. न झालेल्या सत्राची बनावट नोंद कुठूनही उचललेली नसते, त्यामुळे तिचे साम्य शून्य टक्के येते. सॉफ्टवेअरच्या लेखी ती स्वच्छ असते.

एआयमुळे हे आणखी सोपे झाले आहे. चार मुद्दे टाकले की सफाईदार सत्र-अहवाल तयार होतो. भाषा सुधारण्यासाठी मदत घेता येईल का, हे संस्थेच्या नियमावर ठरेल. मात्र निरीक्षण स्वतःचेच हवे, आणि रुग्णाचे नाव, आवाज किंवा व्हिडिओ परवानगीशिवाय बाहेरच्या अॅपवर टाकू नये.

जबाबदारी फक्त विद्यार्थ्यांचीच का?

नाही. बायोमेट्रिक यंत्र विद्यार्थी इमारतीत आला एवढेच सांगते. त्याने रुग्णासोबत काय केले, हे सुपरवायझरलाच कळू शकते. अमेरिकेत ‘आशा’ या व्यावसायिक संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्याला देखरेखीखालचे ४०० तास लागतात : २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे. प्रत्येक रुग्णासोबतच्या वेळेपैकी किमान २५ टक्के वेळ सुपरवायझरने देखरेख करणे तिथे बंधनकारक आहे. न पाहता केलेली सही हीदेखील खोटी नोंदच ठरते. रुग्ण कमी आणि विद्यार्थी जास्त असतील, तर तास कागदावरच भरण्याचा मोह वाढतो. त्याचे उत्तर विद्यार्थ्याला दटावून मिळणार नाही, ते संस्थेला शोधावे लागेल.

पालकांनी काय पाहावे?

आरसीआय कायदा, १९९२ नुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. प्रशिक्षण संस्थेत उपचार सुरू असतील तर सत्र कोण घेत आहे आणि सुपरवायझर कोण, हे विचारावे. आजच्या २० प्रयत्नांपैकी किती बरोबर आले, हेही विचारावे. सत्र खरोखर घेतलेल्या विद्यार्थ्याला याचे उत्तर द्यायला वेळ लागत नाही.