पाकिटातली किंमत

1944 साली जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा जाडजूड ग्रंथ आला आणि गेम थिअरी अर्थशास्त्राच्या दारात उभी राहिली. सहा वर्षांनी प्रिन्स्टनमध्ये एकवीस वर्षांच्या जॉन नॅशने अवघ्या 28 पानांचा प्रबंध लिहिला. बाकीचे आपापल्या चालीवर ठाम असताना एकट्याने चाल बदलून कोणाचंच भलं होत नाही, त्या स्थितीला आज त्याचं नाव आहे. दोन कैद्यांचं कोडंही 1950 चंच. ते सर्वांच्या ओळखीचं आहे. या शास्त्राची खरी ताकद मला दिसते ती लिलावात.

समजा, एखादं घर तुमच्या लेखी 40 लाखांचं आहे आणि बोली बंद पाकिटात द्यायची आहे. लिहिलेली रक्कमच भरायची असेल, तर तुम्ही 35 लिहाल आणि रात्रभर तळमळाल. विल्यम व्हिकरीने 1961 मध्ये वेगळ्या नियमाचा अभ्यास मांडला: घर सर्वांत मोठ्या बोलीला, पण रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी. आता 35 लिहिलेत आणि दुसऱ्याने 38, तर 38 ला मिळणारं घर गेलं. 45 लिहिलेत आणि दुसऱ्याने 42, तर दोन लाखांचा खड्डा. मनातले 40 लिहिणंच हिताचं. नियम असा बांधला की खरं बोलणं परवडतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

न्यूझीलंडने 1990 मध्ये रेडिओलहरी याच पद्धतीने विकल्या, पण किमान किंमत ठेवलीच नाही. एका कंपनीची बोली होती एक लाख डॉलरची. भरले सहा डॉलर. एका विद्यार्थ्याने एक डॉलर लिहून छोट्या शहराचा टीव्ही परवाना मिळवला. दुसरा बोलीदारच नव्हता, त्यामुळे त्याला काहीच भरावं लागलं नाही.

त्यातून धडा घेऊन अमेरिकेने जुलै 1994 मध्ये पॉल मिलग्रोम, रॉबर्ट विल्सन आणि प्रेस्टन मॅकॅफी यांनी सुचवलेला लिलाव घेतला. सगळे परवाने एकाच वेळी खुले. कोणत्याही परवान्यावर नवी बोली येईनाशी झाली की मगच सगळे बंद. गप्प बसून शेवटी उडी मारायची सोय नाही, कारण बोली लावत राहिलं नाही तर पुढे बोली लावायचा हक्क कमी होत जातो. दहा परवाने 47 फेऱ्यांत 61 कोटी 70 लाख डॉलरना गेले. त्याच वर्षी नॅश, हार्सान्यी आणि झेल्टेन यांना गेम थिअरीसाठी नोबेल मिळालं.

आपल्याकडे 2008 मध्ये टूजीचे परवाने 'पहिला येईल त्याला' या नियमाने दिले गेले. देशभराच्या परवान्याची किंमत होती 1,658 कोटी, तीही 2001 ची. एप्रिल 2010 मध्ये थ्रीजीचा फेऱ्याफेऱ्यांचा ऑनलाइन लिलाव सुरू झाला. तो 34 दिवस आणि 183 फेऱ्या चालला. सरकारला सुमारे 67,700 कोटी मिळाले. एकट्या मुंबईचा भाव 3,247 कोटींवर गेला. दोन्ही लहरी वेगळ्या, त्यामुळे आकडे सरळ समोरासमोर मांडता येत नाहीत. पण पहिल्या वेळी भाव ठरला तो सरकारी कागदावर. दुसऱ्या वेळी कंपन्यांनीच एकमेकींसमोर तो सांगितला. 2 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुने 122 परवाने रद्द केले.