वेळापत्रकाचा फोटो

ओसाकाजवळच्या इमाझु मार्गावर दिवसभर एकच क्रम चालू असतो. ताकाराझुकाहून सुटलेली मरून रंगाची गाडी प्रत्येक स्थानकावर थांबत ७.७ किलोमीटरवरच्या निशिनोमिया-कितागुचीला येते, रिकामी होते आणि परत फिरते. ज्यांना ओसाकाला जायचे ते इथे उतरून कोबे मार्गावरची गाडी पकडतात. मात्र सोमवार ते शुक्रवार, सकाळच्या गर्दीत, हान्क्यू रेल्वेच्या मोजक्या गाड्या हा शिरस्ता मोडतात. त्यांच्या कपाळावर ‘जुनक्यू’, म्हणजे अर्धजलद, अशी पाटी असते आणि शेजारी नाव असते थेट ओसाका-उमेदाचे. कितागुची जवळ आले की ही गाडी नेहमीच्या फलाटाकडे वळत नाही. एका जोडमार्गाने ती कोबे मार्गाला जाऊन मिळते. त्या जोडमार्गाला फलाटच नाही. त्यामुळे अतिजलद गाड्यासुद्धा ज्या मोठ्या स्थानकावर थांबतात, तिथे ही अर्धजलद गाडी थांबत नाही. उलट दिशेने, संध्याकाळी घरी परतणाऱ्यांसाठी, अशी सेवाही नाही. ही गाडी टिपण्यासाठी पहाटे उठून कॅमेरा घेऊन उभे राहणारे लोक जपानमध्ये आहेत, आणि ते नेमके कशाचा फोटो काढतात हा प्रश्न वरवर वाटतो त्याहून जास्त विचार करण्याजोगा आहे.

रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांना जपानीत ‘तोरितेत्सु’ म्हणतात. ‘तेत्सु’ म्हणजे लोखंड, आणि रेल्वेवेडासाठीही तोच शब्द रूढ झाला आहे. गाड्यांतून फिरणारे ते ‘नोरितेत्सु’, शेवटच्या फेरीला निरोप द्यायला जमणारे ते ‘सोशिकितेत्सु’, म्हणजे अंत्ययात्रावाले. बाहेरच्याला वाटते की या सगळ्यांचे प्रेम यंत्रावर आहे. नवे इंजिन, जुना डबा, वेगळा रंग यांचा फोटो काढणाऱ्याबद्दल ते खरेही आहे. पण इमाझु मार्गावरच्या अर्धजलद गाडीत यंत्र म्हणून वेगळे काहीच नाही. हान्क्यूच्या गाड्यांचा रंग एकच, मरून. सकाळी उमेदाला गेलेले डबे दुपारी साध्या गाडीच्या कामाला लागू शकतात. दुर्मिळ आहे ती गाडी नव्हे, गाडीला दिलेले काम. माझे म्हणणे असे की अशा सेवांचा फोटो हा वस्तूचा फोटो नसतो. तो एका व्यवस्थेचा, नेमके सांगायचे तर वेळापत्रकाचा फोटो असतो. म्हणूनच इतर रेल्वेफोटोंपेक्षा त्याचे दस्तऐवजी मोल अधिक आहे.

जपानी रेल्वेवाले वेळापत्रकाला ‘दाइया’ म्हणतात. हा ‘डायग्राम’चा जपानी अपभ्रंश, कारण मूळ वेळापत्रक म्हणजे आकड्यांचा तक्ता नसून आलेख असतो. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्थानके आणि मधून तिरक्या रेषा, प्रत्येक रेषा एक गाडी. या जाळ्यात बहुतेक रेषा समांतर असतात. एखादी वेगळी रेषा दिसली की तिच्यामागे कुणाची तरी गरज उभी असते. ‘निस्सेई एक्स्प्रेस’ घ्या. १९९७ पासून ही गाडी नोसे रेल्वेच्या निस्सेई-चुओ या उपनगरातून हान्क्यूच्या रुळांवर येऊन उमेदा गाठते. ती चालते फक्त कामाच्या दिवशी, सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी घराकडे. डोंगरउतारावर घर घेतलेल्या नोकरदाराचा दिवस त्या रेषेत जसाच्या तसा उमटला आहे. इमाझु मार्गावरच निगावा नावाचे स्थानक आहे. जवळ हानशिन रेसकोर्स आहे, आणि मोठ्या शर्यतींच्या दिवशी इथून उमेदाकडे जादा जलद गाड्या सुटतात. थोडे दक्षिणेला, हानशिन रेल्वेवर, १९२४ साली उघडलेले कोशिएन हे बेसबॉलचे मैदान आहे. सामना किती वाजता संपेल हे कुठल्याच छापील तक्त्याला सांगता येत नाही. म्हणून तिथे खेळाचा रंग पाहून जादा गाड्या सोडल्या जातात. नोकरी, घोडे आणि बेसबॉल या तीन गरजांनी एकाच परिसराच्या वेळापत्रकाला तीन वेगळी वळणे दिली आहेत. ज्याला हा परिसर समजून घ्यायचा आहे, त्याने डब्यांचे मॉडेल पाहण्यापेक्षा या वळणांकडे पाहावे.

हे लोक काम कसे करतात तेही जवळून पाहण्यासारखे आहे. ‘हेन्सेई शाशिन’ हा त्यांचा शास्त्रशुद्ध प्रकार. त्यात पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी चौकटीत यावी लागते, चेहऱ्यावर आणि बाजूवर ऊन पडावे लागते आणि विजेचा खांब गाडीला कापता कामा नये. ऐन वेळी समोरून दुसरी गाडी आडवी आली तर त्याला ‘काबुरी’ म्हणतात, आणि मग त्या दिवसाचे श्रम वाया. अर्धजलद गाडी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, तेव्हा सकाळचे ऊन तिच्या डाव्या अंगावर पडते. पण जानेवारीत ओसाकात सूर्यच सातनंतर उगवतो, म्हणजे काही महिने प्रकाशाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. सगळ्यात बोलकी अडचण पाटीची. हान्क्यूच्या जुन्या गाड्यांवर कापडी गुंडाळीची पाटी असते. ती कशीही टिपा, वाचता येते. २००६ साली आलेल्या ९००० मालिकेपासून रंगीत एलईडी पाट्या आल्या. एलईडीचे दिवे एकदम पेटत नाहीत, ओळीओळीने इतके भराभर पेटतात की डोळ्याला अखंड अक्षर दिसते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले तर फोटोत अर्धीमुर्धी अक्षरे येतात. शटरचा वेग उतरवला तर अक्षरे सलग येतात, पण धावती गाडी पुसट होते. मग लांब पल्ल्याची लेन्स लावून गाडी जवळपास समोरून घ्यायची, किंवा जिथे ती वेग कमी करते असे वळण शोधायचे. गाडीच्या रेखीवपणावर थोडे पाणी सोडून पाटीवरची दोन-चार अक्षरे वाचवायची, ही निवड आपल्या मुद्द्याचा पुरावाच आहे. ज्याला यंत्र हवे असते तो पाटीसाठी एवढा जीव टाकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा काडेपेट्या जमवण्यासारखाच छंद आहे, त्याला इतिहास वगैरे म्हणू नये. जी गाडी शेकडो लोक रोज वापरतात ती दुर्मिळ कशी? आक्षेपाचा उत्तरार्ध आधी पाहू. रोज वापरणारा माणूस गाडीच्या आत असतो. त्याच्यासाठी ती बसायला मिळालेली किंवा न मिळालेली जागा असते. बाहेरचा जो कुणी दहा वाजता स्थानकावर येतो, त्याला ही सेवा अस्तित्वात आहे याचा मागमूसही लागत नाही. म्हणजे दुर्मिळता संख्येत नसून वेळ आणि पाहणारा यांच्या नात्यात आहे. आता पूर्वार्ध. क्योतोचे रेल्वे संग्रहालय २०१६ साली उघडले तेव्हा त्यात ५३ वाहने होती. वाहन जपता येते. मंगळवारी सकाळची धावती सेवा कुठल्या दालनात ठेवणार? १९२५ पासून निघणारे जपानचे प्रसिद्ध मासिक वेळापत्रकही खासगी उपनगरी मार्गांच्या साध्या गाड्यांना फारशी जागा देत नाही. बरेचदा पहिली गाडी, शेवटची गाडी आणि मधले सरासरी अंतर एवढ्यावर भागवले जाते. उलट नावे सतत बदलत असतात. १ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘उमेदा’ स्थानक ‘ओसाका-उमेदा’ झाले. डिसेंबर २०२२ मध्ये क्योतो मार्गावरच्या ‘काइसोकू क्यूको’ या प्रकाराचे नाव ‘जुन-तोक्क्यू’ झाले. ज्या फोटोत नुसते ‘उमेदा’ असे स्वच्छ वाचता येते, तो आज पाहताक्षणी आपला काळ सांगतो. काडेपेटी जमवणाऱ्याला वस्तू मिळते. इथे जमते ती बदलत्या कारभाराची नोंद.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनीकडे सगळ्या नोंदी असतातच, मग हौशी माणसाच्या फोटोची गरज काय? उत्तर असे की कंपनीचे वेळापत्रक काय व्हायला हवे ते सांगते, काय झाले ते सांगत नाही. तोक्योच्या दक्षिणेला धावणारी केइक्यू रेल्वे या बाबतीत ख्यातकीर्त आहे. गाडीचा मार्ग लावण्याचे काम तिने बऱ्याच अंशी माणसांच्या हाती ठेवले आहे. त्यामुळे गोंधळाच्या दिवशी तिथले कर्मचारी गाड्या मध्येच वळवतात, भलत्याच स्थानकापर्यंत नेऊन परत फिरवतात, आणि एरवी कधी न दिसणारी नावे पाट्यांवर झळकतात. ती सेवा कुठल्याच आराखड्यात नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी तिचा प्रवाशांसाठी काही माग उरत नाही. फलाटावरच्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यात ती राहते. शिवाय कंपनीची कागदपत्रे कंपनीची असतात. उद्याच्या अभ्यासकाला ती पाहायला मिळतीलच असे नाही.

तिसरा आक्षेप उपद्रवाचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १४ फेब्रुवारी २०१० रोजी ‘आसुका’ नावाची खास गाडी टिपण्यासाठी लोक कान्साई मुख्य मार्गाच्या रुळांजवळ घुसले, गाड्या थांबवाव्या लागल्या आणि हजारो प्रवाशांचा खोळंबा झाला. जागेवरून आरडाओरडा, आड येणाऱ्या फांद्या तोडणे, शेतात शिरणे, हे सारे जपानी वर्तमानपत्रांत वेळोवेळी आले आहे. ‘सगळे तसे नसतात’ एवढे म्हणून सुटका होत नाही. पण गर्दी कुठे उसळते ते पाहावे. ती उसळते ती एकदाच येणाऱ्या गाडीसाठी: खास फेरी, शेवटची फेरी, निवृत्त होणारा डबा. रोज सकाळी येणाऱ्या अर्धजलद गाडीसाठी धक्काबुक्की करण्याचे कारणच नाही. आज काबुरी झाली तर उद्या पुन्हा यावे. शिवाय सेवेच्या फोटोत एक बंधन अंगभूत आहे. ज्याने गाडी थांबवली त्याने आपलाच विषय मोडला, कारण वेळेवर धावणे हेच तर त्याला टिपायचे होते.

एक उणीव मात्र या पद्धतीच्या पोटातच आहे. हेन्सेई शाशिनाच्या नियमांत माणसाला जागा नाही. डबे मोजता येतात, पाटी वाचता येते, पण ज्यांच्यासाठी ही रेषा आखली ते प्रवासी चौकटीबाहेर राहतात. इमाझु मार्गावर बेतलेल्या ‘हान्क्यू देन्शा’ या हिरो अरिकावा यांच्या २००८ च्या कादंबरीने नेमके उलट केले: तिने माणसे घेतली आणि गाडी निमित्तापुरती ठेवली. खरा दस्तऐवज या दोहोंच्या मधे आहे. दहा फोटोंपैकी एक जरी दोन पावले मागे सरून काढला, त्यात फलाटावरची रांग आली, तर गाडी आली एवढेच नव्हे, कुणासाठी आली हेही कळेल.

निशिनोमिया-कितागुचीला कोबे मार्ग आणि इमाझु मार्ग पूर्वी एकमेकांना काटकोनात, एकाच पातळीवर छेदत असत. मार्च १९८४ मध्ये ती प्रसिद्ध ‘डायमंड क्रॉस’ काढली गेली, आणि तिचा एक तुकडा स्थानकाजवळच्या बागेत ठेवला आहे. लोखंड होते म्हणून ठेवता आले. उद्या एखाद्या नव्या वेळापत्रकात अर्धजलद गाडी वगळली, तर ठेवण्यासारखे काहीच निघणार नाही. एकही डबा भंगारात जाणार नाही, तेच मरून डबे कितागुचीपर्यंत साध्या गाडीच्या पाटीखाली धावत राहतील. निरोपाची गर्दी झालीच तर ती घोषणेनंतर होईल, आणि तिच्या फोटोंत गर्दीच जास्त दिसेल. घोषणेच्या कितीतरी आधी, काहीही विशेष नसलेल्या मंगळवारी, पाटी वाचता यावी म्हणून शटरचा वेग उतरवून ज्याने बटण दाबले, त्याच्याकडे मात्र ती सेवा जशी रोज होती तशी असेल.