ठोका किती वेळाने आणि ठोका किती लांब

नागझिरा-नवेगावच्या कडेला ज्यांच्या धानाच्या बांध्या आहेत, त्यांना झटका मशीन सांगायला नको. रात्री धुऱ्यावर उभं राहिलं की टक्... टक्... ऐकू येतं, साधारण सेकंदाला एक. तसा ठोका आज आपण ५५५ टायमरवर एलईडी लावून बघू. ही आयसी हॅन्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये आखली; अजूनही गल्लीतल्या दुकानात मिळते.

ठोके किती वेळाने पडतात, ती फ्रिक्वेन्सी. त्या वेळातला किती भाग आउटपुट चालू असतो, तो ड्युटी सायकल. दोन्हींची गल्लत करू नका. तारेत थेट घरची लाइन सोडल्यामुळे आपल्या पूर्व विदर्भात माणसं गेली, वाघही गेले. ती वीज मध्ये थांबतच नाही, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. मशीनचा झटका मात्र सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता असतो, मग शांतता. त्या शांततेत हात मागे घेता येतो.

आता सर्किट. पहिला रेझिस्टर पुरवठ्यापासून सातव्या पिनपर्यंत, १० किलोओहम. दुसरा सातपासून सहापर्यंत, ६८ किलोओहम. सहा आणि दोन जोडलेले, तिथून जमिनीला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटर भरतो दोन्ही रेझिस्टरमधून, रिकामा होतो फक्त दुसऱ्यातून. वेळ काढायला ०.६९३ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटर. चालू ०.५४ सेकंद, बंद ०.४७. सेकंदाला एक ठोका जमला, पण एलईडी अर्ध्याहून जास्त वेळ पेटलेलाच! दुसरा रेझिस्टर कितीही फिरवा, या जोडणीत चालू वेळ बंद वेळेपेक्षा कमी होणारच नाही. इथेच बरेच जण अडकतात.

उपाय एका डायोडचा. दुसऱ्या रेझिस्टरला समांतर लावायचा, पट्टी सहाव्या पिनकडे. आता भरताना वीज डायोडमधून जाते, म्हणून चालू वेळ जवळजवळ पहिल्या रेझिस्टरवरच ठरतो: ०.०७ सेकंद, डायोडमुळे थोडा जास्त. पण ठोके घाईने पडू लागले ना? एकूण वेळ घटला. दुसरा रेझिस्टर १३० किलोओहम करा, पुन्हा सेकंदाला एक. पहिला मात्र १ किलोओहमच्या खाली नेऊ नका, सातवी पिन तापते.

ड्युटी सायकल तोच ठेवून फक्त वेग बदलायचा असेल, तर रेझिस्टरला हात न लावता कपॅसिटर बदलायचा.

आणि हो, हे सर्किट ९ व्होल्टच्या बॅटरीवर, एलईडीपुरतंच. कुंपणाला लावायचं नाही. तिथे प्रमाणित मशीनच हवं.

बाजारातला कपॅसिटर छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. तेव्हा आता घड्याळ काढा, दहा ठोके मोजा, आणि किती सेकंद लागले ते सांगा.