सुझुकीची अल्पमोली मोटार : काटकसर कीं उणीव ?

अलीकडे आपल्या खेड्यांतून ट्रॅक्टराच्या शेजारीं लहान मोटार उभी दिसूं लागली आहे. ऊंस कारखान्यास गेला, कांद्यास बरा भाव आला, अगर मुलास नोकरी लागली, म्हणजे घरांत मोटारीची गोष्ट निघते; आणि ती निघाली म्हणजे बहुधा पहिलें नांव मारुतीचें, अर्थात् जपानांतील सुझुकी कंपनीच्या कुळांतील गाडीचें, घेतलें जातें. जिच्याकरितां शेतकरी दोन-तीन वर्षांची शिल्लक मोडतो व वर कर्जाचा हप्ताही पत्करतो, त्या वस्तूचें कुळ-मूळ, तिचे गुण व तिचीं वैगुण्यें त्यास ठाऊक असावीं, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहीत आहों. बैल घेतांना आपण दांत, खूर व खांदा पाहतों. मोटार घेतांना मात्र बहुतेक जण रंग पाहतात.

मागापासून मोटारीपर्यंत

जपानांत प्रशांत महासागराच्या किनाऱ्यानजीक, टोकियो व ओसाका या शहरांच्या दरम्यान, हमामात्सु नांवाचें शहर आहे. हा टापू पूर्वींपासून सुती कापडाच्या विणकामाबद्दल प्रसिद्ध. येथें सन १८८७ मध्यें एका शेतकरी कुटुंबांत मिचिओ सुझुकी यांचा जन्म झाला. लहानपणींच ते सुताराच्या हाताखालीं उमेदवारीस राहिले. पुढें त्यांनीं स्वतःच्या आईकरितां एक सुधारलेला माग तयार केला, तो शेजारीपाजारीं पसंत पडला, व सन १९०९ मध्यें त्यांनीं माग बनविण्याचा कारखाना काढला. सन १९२० मध्यें त्याचें रूपांतर भागीदारांच्या कंपनींत झालें. टोयोटा या बड्या कंपनीचें मूळही असेंच मागाच्या कारखान्यांत सांपडतें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

माग चांगला चालत असतां मोटारीची बुद्धि कां व्हावी ? कारण असें कीं, चांगला माग लवकर मोडत नाहीं. ज्यानें तो एकदां घेतला तो वर्षानुवर्षें पुनः दुकानाची पायरी चढत नाहीं. एकाच मालावर कारखाना अवलंबून ठेवणें धोक्याचें, हें ओळखून सन १९३७ च्या सुमारास मिचिओ यांनीं लहान मोटारीचे नमुने तयार करविले. परंतु युद्ध आलें, सरकारनें खाजगी मोटारी अनावश्यक ठरविल्या, आणि तें काम तसेंच राहिलें. युद्धानंतर अमेरिकेचा कापूस जपानांत येऊं लागला तेव्हां मागांस पुनः मागणी आली. पण सन १९५१ मध्यें कापसाचा बाजार कोसळला व त्याबरोबर मागांचा धंदाही बसला. वऱ्हाड व खानदेशांतील वाचकांस या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

अशा अडचणींत सन १९५२ मध्यें कंपनीनें 'पॉवर फ्री' नांवाची इंजिन जोडलेली सायकल बाजारांत आणली. इंजिन अवघें ३६ सी. सी. चें. स्वार वाटेल तर नुसतें पायडल मारी, वाटेल तर नुसतें इंजिन चालवी, आणि चढावर दोहोंची मदत घेई. सन १९५४ मध्यें कंपनीनें आपल्या नांवांतून माग काढून मोटार घातली, व सन १९५५ मध्यें 'सुझुलाइट' ही तिची पहिली चारचाकी गाडी निघाली.

लहान गाडीची रीत

जपानांत लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग कायद्यानेंच ठरविलेला असून त्यांस 'केइ' गाड्या म्हणतात. लांबी, रुंदी व इंजिन यांस मर्यादा; त्या बदल्यांत कर कमी. इंजिनाची मर्यादा पूर्वीं ३६० सी. सी. होती, ती सन १९७६ मध्यें ५५० व सन १९९० मध्यें ६६० करण्यांत आली. आजची मर्यादा लांबीस ३.४ मीटर व रुंदीस १.४८ मीटर आहे. या चौकटींत सुझुकीनें सन १९६१ मध्यें 'कॅरी' नांवाची मालगाडी काढली. या वर्गांतील मालगाड्या ३५० किलो वजन वाहतात, आणि भातखाचरांच्या अरुंद बांधवाटांवरून रोपें, खतें व भाजी नेणारें जपानी शेतकऱ्याचें तें रोजचें वाहन होय. तेथें तिला मिरविण्याची वस्तु कोणी समजत नाहीं. ती अवजारांतच जमा.

कंपनीस आजचें रूप देणारे पुरुष म्हणजे ओसामु सुझुकी. सन १९३० चा त्यांचा जन्म, तोही शेतकरी घराण्यांतला. ते बँकेंत नोकरीस होते; पुढें सुझुकी घराण्याचे जांवई होऊन त्यांनीं तेंच आडनांव धारण केलें. सन १९७८ मध्यें ते अध्यक्ष झाले, व सन १९७९ मध्यें 'आल्टो' गाडी ४ लक्ष ७० हजार येन या किंमतींत निघाली. त्या काळच्या मानानें ही किंमत फारच हलकी होती. ती साधली कशी ? गाडीस दारें थोडीं ठेविलीं, भपक्याचें सामान गाळलें, आणि ती मालवाहू वर्गांत नोंदविल्यामुळें प्रवासी मोटारीवरील वस्तुकर टळला. लोक गाडींत एकटे-दुकटेच बसतात. मग मागील बाजूस मोठेपणा कशाला, असा हा हिशोब. कारखान्यांत फिरतांना विनाकारण जळणारा दिवाही त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. वस्तु उतारानें आपोआप पुढें सरकत असेल तर यंत्र लावूं नये, कारण उतार मजुरी मागत नाहीं, असें त्यांचें धोरण होतें. पाटाचें पाणी भिजवणीस सोडणाऱ्या शेतकऱ्यास हें सहज पटेल.

हिंदुस्थानांतील आगमन

आपल्याकडे त्या वेळीं कलकत्त्याकडील अँबेसेडर व मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी प्रीमियर पद्मिनी याच मुख्य गाड्या. नोंदणीनंतर वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. सन १९८१ मध्यें सरकारनें मारुति उद्योग ही कंपनी स्थापिली व सन १९८२ च्या ऑक्टोबरांत सुझुकीशीं करार केला. सुझुकीचा भाग प्रारंभीं शेंकडा २६ होता. सन २००२ मध्यें तो निम्म्याहून अधिक झाला, व सन २००७ मध्यें सरकार आपला उरलेला भाग विकून मोकळें झालें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मारुति ८०० ची किल्ली इंदिरा गांधी यांच्या हस्तें ग्राहकास देण्यांत आली. तीन सिलिंडरांचें ७९६ सी. सी. चें इंजिन, व किंमत सुमारें पन्नास हजार रुपये. पाठोपाठ ओम्नी व जिप्सी आल्या. मारुति ८०० सन २०१४ पर्यंत निघत होती. पण तिनें लावलेली मोजपट्टी अजून कायम आहे.

ओसामु सुझुकी सन २०२४ च्या डिसेंबरांत, वयाच्या ९४ व्या वर्षीं, निवर्तले. भारत सरकारनें त्यांस सन २०२५ मध्यें मरणोत्तर पद्मविभूषण दिलें.

मालकांचें म्हणणें

या गाड्या वापरणारांशीं बोलतां जें एकसारखें कानीं पडतें त्याचा गोषवारा देतों. पहिली स्तुति पेट्रोलाच्या बेताची : गाडी हलकी, इंजिन लहान, म्हणून खर्च थोडा. दुसरी दुरुस्तीची. तालुक्याच्या गांवीं सुटा भाग मिळतो, व साधा कारागीरही ती उघडूं जाणतो. पेरणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर शहरांत अडकून पडत नाहीं. तिसरी स्तुति पुनर्विक्रीची : विकावयास काढली तर गिऱ्हाईक मिळतें, व पैका अगदींच बुडत नाहीं. बाजाराच्या गर्दींत ती थोड्या जागेंत वळते, हेंही लोक सांगतात.

तक्रारीही ठरलेल्याच. पत्रा पातळ, बैलाचें शिंग लागलें तरी खळगा पडतो. चौघे जण बसून, थंड हवेचें यंत्र लावून घाट चढूं लागलें म्हणजे इंजिनास धाप लागते. जुन्या गाड्यांचीं चाकें अवघीं बारा इंचांचीं. वस्तीवरच्या चाकोरींत पोट घांसतें. गॅसवर चालणाऱ्या गाडींत टांकी सामानाची जागा खाते. आणि कंपनी सांगते तो लिटरचा आंकडा रस्त्यावर पदरीं पडत नाहीं, कारण तो परीक्षेचा आंकडा. आपला रस्ता परीक्षेचा नव्हे.

काटकसर व उणीव

वरील तक्रारी सोसतां येण्याजोग्या आहेत. एक मात्र सोसण्याजोगी नाहीं, ती जिवाची. 'ग्लोबल एन्‌कॅप' ही संस्था गाड्या अडथळ्यावर आदळून त्यांची परीक्षा घेते. सन २०१४ मध्यें तिनें प्रसिद्ध केलेल्या निकालांत आल्टो ८०० व स्विफ्ट यांच्या साध्या प्रतींस प्रौढ प्रवाशांच्या रक्षणाबद्दल पांचांपैकीं एकही तारा मिळाला नाहीं. सन २०२३ मध्यें आल्टो के-१० ला दोन व वॅगन-आरला एकच मिळाला. उलट सन २०२४ मध्यें त्याच कंपनीच्या नव्या डिझायरनें पांच तारे मिळविले. म्हणजे विद्या अवगत नव्हती असें नव्हे. ती स्वस्त गाडींत उतरविली नव्हती. सन २०२५ मध्यें आल्टो के-१०, वॅगन-आर व सेलेरिओ यांच्या सर्व प्रतींत सहा हवापिशव्या देण्याचें कंपनीनें जाहीर केलें, ही गोष्ट योग्यच झाली. तथापि हवापिशवी म्हणजे मजबूत सांगाडा नव्हे, व पट्टा न बांधणारास तिचाही उपयोग पुरा होत नाहीं.

खुद्द जपानांतही हा धडा मिळाला. सन २०१६ मध्यें कंपनीनें कबूल केलें कीं, इंधनाच्या परीक्षा ठरल्या पद्धतीनें केल्या नव्हत्या. सन २०१९ मध्यें तयार गाड्यांची तपासणी नियमाप्रमाणें झाली नसल्याचें उघड होऊन सुमारें २० लक्ष गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तपासनीसांची संख्या अपुरी, हें त्याचें एक कारण निघालें. दिवा मालविणें ही काटकसर. तपासणारा माणूस कमी करणें ही उणीव. निंदणीची एक पाळी वांचविणारा शेतकरी व बियाणें पाखडून न घेणारा शेतकरी, दोघेही पैका वांचवितात. पण दुसऱ्याचें नुकसान सुगीला कळतें.

हिशोबाचें पान

घेण्यापूर्वीं एक साधा हिशोब मांडावा. समजा, चार लक्षांची गाडी दहा टक्के व्याजानें घेतली. पहिल्या वर्षाचें व्याज ४० हजार, किंमतींतील घट ४० हजार, व विमा आणि देखभाल २० हजार धरली, तर गाडी जागची न हलतां एक लक्ष रुपये जातात. पेट्रोल शंभर रुपये लिटर व चाल लिटरास वीस किलोमीटर धरूं. वर्षास १० हजार किलोमीटर फिरणारास पेट्रोल ५० हजारांचें लागून किलोमीटरास १५ रुपये पडतात. तोच जर केवळ २ हजार किलोमीटर फिरेल, तर पेट्रोल १० हजारांचें, आणि दर किलोमीटरास ५५ रुपये ! अशा घरीं लग्नकार्यास व दवाखान्यास भाड्याची गाडी आणणें शहाणपणाचें. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला हें खरें. परंतु करांतील सूट ही गरज उत्पन्न करीत नाहीं.

आणखी एक गोष्ट आपल्या धंद्याच्या जवळची आहे. सन २०२३ मध्यें सुझुकीनें राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ व बनास डेअरी यांजबरोबर गुजराथेंत बनासकांठा जिल्ह्यांत शेणापासून वायु काढण्याचीं केंद्रें उभारण्याचा करार केला; तो वायु शुद्ध करून गॅसच्या मोटारींत वापरावयाचा, व मागें राहणारी मळी खतास. आमच्या दूधसंघांनीं या कामावर नजर ठेवावी. गोठ्यांतील शेणावर मोटार चालली, तर ज्याच्या घरीं गाडी नाहीं त्यासही त्यांतून चार पैसे मिळतील.

सारांश, ज्यास वर्षभर काम आहे त्यानें लहान गाडी अवश्य घ्यावी, परंतु पुढील गोष्टी पाळाव्या :

१. विक्रेत्यास रंगाआधीं आदळपरीक्षेचा निकाल विचारावा. एकाच नांवाच्या गाडीच्या निरनिराळ्या प्रतींत काय अधिक-उणें आहे, तें लेखी घ्यावें.

२. जुनी गाडी घेणारानें २०१९ च्या नंतरची पाहावी. त्या सालापासून चालकाची हवापिशवी व चाकें न अडखळूं देणारा ब्रेक हीं कायद्यानें सक्तीचीं झालीं.

३. प्रवासी मोटारींत पोतीं भरूं नयेत. मालास मालाचें वाहन बरें.

४. पुढच्या व मागच्या, सर्व बसणारांनीं पट्टा बांधावा.

५. पेट्रोल, दुरुस्ती व किलोमीटर यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. वर्षाअखेर ती वहीच सांगेल कीं, गाडी आपलें काम करिते कीं आपण गाडीचें.