बर्फाखालचे चार अंश

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे, सकाळचे साडेसात वाजले आहेत आणि तुम्ही श्रीनगरमध्ये दल सरोवराच्या काठी उभे आहात, असे समजा. सूर्य नुकताच झबरवानच्या डोंगरामागून वर येत आहे. काल संध्याकाळी जिथे पाणी हलत होते, तिथे आज करड्या काचेसारखा पत्रा पसरलेला आहे. त्यात एक शिकारा अडकला आहे. नावाडी वल्हे उचलतो, समोरच्या पत्र्यावर आपटतो, कडकड आवाज होतो आणि नाव हातभर पुढे सरकते. पुन्हा वल्हे, पुन्हा हातभर. भाजीची नाव घेऊन पहाटेच्या पाण्यावरच्या बाजाराला निघालेल्या माणसाला थंडीच्या दिवसांत अशी वाट फोडावी लागते.

मग काठावरचा एखादा मुलगा हळूच पाय टाकून पाहतो, बर्फ आपल्याला पेलेल का? तुमचाही पाय शिवशिवेल. पण जरा थांबा. या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आधी हा बर्फ कसा तयार झाला ते पाहू.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. त्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. चिल्ला म्हणजे फारसीत चाळीस दिवसांचा काळ. त्यानंतर वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. थंडीच्या थोरल्या, धाकट्या आणि तान्ह्या भावंडांची ही नावे मला फार आवडतात. 21 डिसेंबर 2024 च्या पहाटे श्रीनगरचे तापमान शून्याखाली 8.5 अंश सेल्सिअस इतके उतरले. डिसेंबर महिन्यात इतकी थंडी 1974 नंतर पडली नव्हती.

इथे एक गंमत लक्षात घ्या. बर्फ पडतो त्या रात्री सर्वांत जास्त थंडी असते, असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात उलटे घडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली, की जमिनीची उष्णता रात्रभर वरच्या वर निघून जाते. ढग आले तर ते पांघरुणासारखे काम करतात. म्हणून हिमवृष्टीच्या रात्री पारा बहुधा थोडा चढलेला असतो. हे ढग आपल्या मोसमी वाऱ्यांचे नव्हेत. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या ‘पश्चिमी विक्षोभां’बरोबर ते येतात आणि काश्मीरच्या डोंगरांवर हिवाळाभर बर्फाचा साठा करून ठेवतात. उन्हाळ्यात झेलमला त्यातूनच पाणी मिळते. ज्या वर्षी हिवाळा कोरडा जातो, त्या वर्षी पर्यटक बर्फ दिसला नाही म्हणून हळहळतात. शेतकऱ्याची काळजी मात्र पुढच्या पाण्याची असते.

निरभ्र रात्री आणखी एक गोष्ट होते. गार हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि दरीच्या तळाशी साचून राहते. काश्मीरचे खोरे म्हणजे पीरपंजाल आणि हिमालय यांच्या मधली मोठी परातच. सकाळी शंकराचार्य टेकडीवर चढून पाहिलेत, तर शहरातला धूर एका सपाट थरात खाली दबून बसलेला दिसतो. यासाठी काश्मीरलाच जायला हवे असे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या सखल भागात गवतावर हिमकण जमतात, तेव्हा वरच्या गावात तितकी थंडी नसते. त्यामागचे कारण हेच आहे.

आता पाण्याकडे वळू. हवा शून्याखाली गेली तरी तळे लगेच गोठत नाही. वरचे पाणी गार झाले की ते जड होऊन खाली बुडते आणि खालचे कोमट पाणी वर येते. मग तेही गार होते. असे उलटेपालटे होत होत सगळे तळे 4 अंशांपर्यंत येते. इथे पाण्याचा स्वभाव पालटतो. दहावीच्या पुस्तकात तुम्ही ‘पाण्याचे असंगत आचरण’ हा भाग वाचला असेल, होपच्या उपकरणाची आकृतीही काढली असेल. बहुतेक मुले ती गुणांपुरती काढतात. दलच्या काठी मात्र ती आकृती डोळ्यांसमोर मैलभर पसरलेली असते. 4 अंशांना पाणी सर्वांत जड असते. त्याहून गार झाले तर ते पुन्हा हलके होते. त्यामुळे तीन, दोन, एक अंशाचे पाणी वरच तरंगत राहते आणि वरच गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, म्हणून बर्फही बुडत नाही. श्रीनगरच्या घरोघरी नळ फुटतात ते याच 9 टक्क्यांमुळे.

पाण्याने हा विचित्रपणा केला नसता तर? तळे तळापासून गोठत वर आले असते आणि मासे, कमळाचे कंद, चिखलातले किडे सगळेच बर्फात चिणले गेले असते. प्रत्यक्षात वर बर्फ असतो आणि खाली चार अंशांच्या पाण्यात मासे संथपणे जगत असतात. थंड पाण्यात ऑक्सिजनही अधिक विरघळतो. 25 अंशांच्या पाण्यापेक्षा 4 अंशांच्या पाण्यात तो जवळजवळ दीडपट मावतो. पण तळ्यात सांडपाणी आणि कुजणारे शेवाळ साचले असेल, तर तेच हा साठा खाऊन टाकतात. वर बर्फाचे झाकण असताना हवेतून नवा ऑक्सिजन येत नाही. म्हणून दल सरोवरात शहराचे किती सांडपाणी जाते, हा प्रश्न फक्त पर्यटकांच्या नाकापुरता नाही.

तळाच्या चिखलातून निघणारे कमळाचे देठ, म्हणजे ‘नदरू’, ही काश्मिरी स्वयंपाकातली आवडती भाजी. ती काढायचा हंगाम बराचसा हिवाळ्यातच येतो. नावेत उभे राहून लांब काठीच्या आकड्याने माणसे ती खेचून काढतात. पाण्यातून वर येणारी ओली काठी त्या हवेत हातांना काय करत असेल, याची कल्पना करा.

सगळी तळी मात्र सारखी गोठत नाहीत. दल उथळ आहे, त्यामुळे त्याचे पाणी लवकर 4 अंशांवर येते. श्रीनगरच्या वायव्येला असलेले मानसबल हे खोऱ्यातले सर्वांत खोल सरोवर. त्याची खोली सुमारे 13 मीटर. खोल तळ्यात उन्हाळ्याची उष्णता जास्त साठलेली असते, ती संपेपर्यंत हिवाळाच सरत येतो. याउलट हरमुख शिखराच्या पायथ्याचे गंगबल साडेतीन हजार मीटरहून उंचावर असल्यामुळे कित्येक महिने गोठलेलेच असते.

श्रीनगरजवळच्या होकरसर पाणथळीवर सायबेरिया आणि मध्य आशियातून बदके व कलहंस येतात. बर्फावर उघड्या पायांनी तासन्‌तास उभे राहूनही ते गारठत कसे नाहीत? पायात जाणाऱ्या गरम रक्ताची धमनी आणि परतणाऱ्या गार रक्ताच्या शिरा एकमेकींना चिकटून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते आणि पायाशी गारच पोचते. त्यामुळे पायातून उष्णता वाया जात नाही. याच जातीची तलवार बदके हिवाळ्यात आपल्या नांदूर मधमेश्वरलाही दिसतात.

आता त्या मुलाच्या पायाकडे परत येऊ. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला एक कॅलरी काढावी लागते. तेच शून्य अंशावर गोठवायला 80 कॅलरी काढाव्या लागतात. हा झाला अप्रकट उष्मा. शिवाय बर्फ उष्णतेचा मंदवाहक आहे. थर जाड होत गेला की खालच्या पाण्याची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि जाडी वाढण्याचा वेग मंदावतो. वर हिम पडले तर तो आणखी घटतो. माणसाला चालण्यासाठी निदान 10 सेंटिमीटर जाडीचा घट्ट, पारदर्शक बर्फ लागतो, असा थंड देशांतला सर्वसाधारण नियम आहे. हिम मिसळून झालेला पांढरा बर्फ त्याहून दुबळा असतो.

1960 च्या दशकात गोठलेल्या दलवर जीप चालवली गेली, ही गोष्ट काश्मीरमध्ये आजही सांगितली जाते. ती ऐकून मुले बर्फावर क्रिकेट खेळायला उतरतात. पण जीप पेलणारा बर्फ दीर्घकाळच्या थंडीने बनलेला असतो. आठवडाभराच्या थंडीचा बर्फ एका जागी जाड आणि चार पावलांवर पापडासारखा असू शकतो. जिथे झरा आहे, प्रवाह आहे, हाउसबोटीची ऊब आहे किंवा वेली पाण्याबाहेर आल्या आहेत, तिथे तो पातळच राहतो. वरून पाहून हे कळत नाही. म्हणून प्रशासन दरवर्षी बर्फावर न चालण्याची सूचना देते आणि ती योग्यच आहे. कोणी आत पडलेच, तर धावत जवळ जाऊ नका. बर्फावर पालथे पडून दुरूनच दोरी, काठी किंवा ओढणी फेका, कारण आडव्या देहाचे वजन मोठ्या जागेवर पसरते.

तिथून परत खोलीवर आलात की यजमान तुमच्या हातात कांगडी देतील. वेताच्या टोपलीतले हे मातीचे भांडे, आत निखारे; फेरनखाली घेऊन बसायचे. फक्त दारे-खिडक्या घट्ट लावून निखाऱ्यांजवळ झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि त्याने दर हिवाळ्यात बळी जातात.

ज्यांना दलला जाणे जमणार नाही, त्यांनी घरचा थर्मास घ्यावा. त्यात पाणी भरा, वर बर्फाचे खडे सोडा, एक तापमापक तळाशी आणि एक वरच्या पाण्यात धरा. ढवळू नका, घाई करू नका. खालचा पारा आधी उतरेल, चाराच्या आसपास येऊन थांबेल आणि मग वरचा त्याला मागे टाकून शून्याकडे निघेल. दर दहा मिनिटांनी दोन्ही तापमाने वहीत लिहा आणि आलेख काढा. दोन रेषा एकमेकींना छेदतील, त्या बिंदूवर बोट ठेवून वर्गातल्या मित्राला विचारा, या क्षणी दल सरोवरात काय चालले असेल?