विश्वासू चेहऱ्याचे गणित

अनोळखी माणूस विश्वासू आहे की नाही, याविषयीचे मत त्याच्याशी एक शब्दही बोलण्यापूर्वी तयार होते. जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की, त्यासाठी सेकंदाचा दहावा भागही पुरतो. हे मत खरे असेलच असे नाही, परंतु अनेकांची मते एकमेकांशी बरीच जुळतात आणि म्हणूनच त्यांचे गणित संगणकाला मांडता येते.

निकोलास ऊस्टरहॉफ आणि टोडोरोव्ह यांनी २००८ मध्ये चेहरे लोकांना दाखवून त्यांची मते नोंदवली, तेव्हा त्यांतील बराचसा भाग विश्वासार्हता आणि वर्चस्व या दोन मापांवर मांडता येतो, असे आढळले. चेहरा म्हणजे भुवयांचा कल, जबड्याची रुंदी, त्वचेची छटा अशा गुणांच्या आकड्यांचा संच मानला, तर कोणते आकडे एकत्र बदलल्याने कोणता ग्रह निर्माण होतो, हे शोधता येते. भुवयांची आतली टोके किंचित उचलून ओठांचे कोपरे वर वळवले, की तोच चेहरा अधिक विश्वासू भासतो. विश्वासार्हतेप्रमाणेच चेहऱ्याचा इतर प्रभावही बदलता येतो; पुढे २०१३ मध्ये आदित्य खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यक्तीची ओळख, वय व भाव शक्य तितके कायम राखून तिचे छायाचित्र अधिक स्मरणीय करण्याची पद्धत मांडली.

चेहऱ्याचा प्रभाव बदलण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. तमाशाच्या प्रेक्षकाला रंगवलेला चेहरा परिचित आहे, मात्र तो रंग आहे हे त्याला ठाऊक असते. संगणकाने बदललेल्या चेहऱ्याबाबत पाहणाऱ्याला हीच जाणीव नसते.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची शिफारस करत असल्याची बनावट चित्रफीत पसरली, तिचा त्यांनी जाहीरपणे इन्कार केला आणि मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. तेथे चेहऱ्याची ठेवण बदलून विश्वास निर्माण करण्याची गरजच नव्हती, कारण अनेक वर्षांत कमावलेला विश्वास खोट्या आवाजाच्या साहाय्याने परक्या दाव्याला जोडला गेला होता.

म्हणूनच बदललेल्या प्रतिमेवर तसा स्पष्ट उल्लेख असणे आवश्यक आहे, आणि पैशांच्या व्यवहारात किंवा मतदानात चेहऱ्यावरून झालेल्या ग्रहाला पुरावा न मानता मूळ दावा स्वतंत्रपणे तपासणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरते.