फोनो प्रीअ‍ॅम्प कोणता घ्यावा? (आणि त्याचा तुमच्या पीएचडीशी काय संबंध?)

मागच्या महिन्यात मामाचा फोन आला. निवृत्तीनंतर त्याने हौसेने चांगला टर्नटेबल घेतलाय, त्यावर डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज बसवलंय. आता फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यायचा होता. "तू फिजिक्सवाली ना? मग सांग, या दोनांतला कोणता घेऊ?" असं म्हणून त्याने दोन स्पेसिफिकेशन शीट पाठवल्या. त्या वाचताना मला माझं पीएचडीचं दुसरं वर्ष आठवलं. तेव्हा हाच प्रश्न माझ्यासमोर होता आणि मी तो चुकवला होता. म्हणून हा लेख. तुमच्याकडे टर्नटेबल नसला तरी वाचा.

प्रीअ‍ॅम्प करतो काय?

रेकॉर्डच्या खाचेतून सुई फिरते, कार्ट्रिजमध्ये अगदी लहान व्होल्टेज तयार होतं. ते वाढवणं हे पहिलं काम. दुसरं काम आहे इक्वलायझेशन. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच फार रुंद होईल. वरचे स्वर मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना ते कमी करता येतात आणि त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही दबते. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे प्रीअ‍ॅम्प हे सगळं उलटं करतो. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ, २० किलोहर्ट्झला जवळपास २० डेसिबल घट. थोडक्यात, हे कॅलिब्रेशन आहे. आणि कॅलिब्रेशन ज्या नमुन्यासाठी केलं, त्यालाच लागू पडतं. घरात आजोबांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्यांना हा वक्र लागू नाही. १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण तर भोंग्यातून थेट व्हायचं, तिथे विद्युत इक्वलायझेशनचा प्रश्नच नव्हता.

आधी स्रोताचे आकडे लिहा

बहुतेक जण प्रीअ‍ॅम्पच्या जाहिरातीपासून सुरुवात करतात. तुम्ही कार्ट्रिजपासून करा. दोन उदाहरणं घेऊ.

ऑर्टोफॉन २एम रेड हे मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं. आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट. त्याला ४० डेसिबल, म्हणजे १०० पट गेन पुरतो. लोड ४७ किलोओहम. पण त्याच्या कॉइलचं इंडक्टन्स मोठं आहे, सुमारे ७०० मिलिहेन्री. त्यामुळे केबल आणि प्रीअ‍ॅम्पची मिळून कपॅसिटन्स महत्त्वाची ठरते. ३०० पिकोफॅरड धरली तर अनुनाद ११ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. लांब केबल लावून ती आणखी वाढवलीत, तर तो आणखी खाली येईल आणि वरच्या स्वरांचा तोल बिघडेल.

डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल प्रकारचं. आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट, अंतर्गत रोध ४० ओहम. इथे ६० डेसिबल, म्हणजे १००० पट गेन लागतो. लोड किमान १०० ओहम. कपॅसिटन्सची फारशी चिंता नाही, पण नॉइजची खूप आहे.

खरी लढाई पहिल्या टप्प्यात

कोणताही रोध स्वतःच नॉइज निर्माण करतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये हे दाखवून दिलं. ४० ओहमला खोलीच्या तापमानात हा नॉइज सुमारे ०.८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ येतो. हा निसर्गाने घातलेला तळ. पैसे टाकून त्याखाली जाता येत नाही.

आता २० किलोहर्ट्झची बँडविड्थ धरू (आरआयएएचा परिणाम सोयीसाठी बाजूला ठेवते). प्रीअ‍ॅम्पचा इनपुट नॉइज १ नॅनोव्होल्ट असेल, तर ०.३ मिलिव्होल्टच्या सिग्नलला साधारण ६४ डेसिबलचं गुणोत्तर मिळतं. तोच ५ नॅनोव्होल्ट असेल तर ५२ च्या आसपास. पुढे कितीही भारी अ‍ॅम्प्लिफायर लावा, गेलेले १२ डेसिबल परत येत नाहीत, कारण पुढचे टप्पे सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच वाढवतात.

एक पर्याय स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचा. १:१० चा ट्रान्सफॉर्मर सिग्नल दहापट करून देतो, मग ४० डेसिबलचा साधा टप्पाही चालतो. मात्र लोड गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो: ४७ किलोओहम भागिले १००, म्हणजे कार्ट्रिजला दिसतात ४७० ओहम. डीएल-१०३ ला हे चालतं.

मामाच्या दोन शीट

एकावर सिग्नल-टू-नॉइज ८० डेसिबल, दुसरीवर ७२. मामा अर्थातच ८० वाल्याच्या बाजूने. पण खालच्या बारीक अक्षरांत पहिल्याने संदर्भ ५ मिलिव्होल्ट इनपुटचा घेतला होता, दुसऱ्याने ०.५ मिलिव्होल्टचा. बाकी अटी सारख्या. दहापट मोठ्या संदर्भामुळे २० डेसिबल फुकट मिळतात. एकाच मापाने मोजलं तर ८० वाला ६० वर येतो. म्हणजे ७२ वाल्याचा नॉइज त्याच्या एक चतुर्थांश. मामाने ७२ वाला घेतला. तो स्वस्तही होता, हा निव्वळ योगायोग.

आता माझी गोष्ट

माझ्या नमुन्याचा रोधही ४० ओहमच्या आसपासच होता. इंडेंट भरताना मी ब्रोशरवरचा सगळ्यात मोठा गेन बघितला आणि प्रीअ‍ॅम्प मागवला. त्याचा इनपुट नॉइज होता २० नॅनोव्होल्ट. यंत्र वाईट नव्हतं. मेगाओहममधल्या स्रोतांसाठी ते उत्तमच आहे. माझ्या नमुन्यासाठी चुकीचं होतं. सरासरी घेऊन नॉइज कमी होतो, पण वेळेच्या वर्गमुळानेच. १ नॅनोव्होल्टच्या प्रीअ‍ॅम्पने एका मिनिटात जे दिसलं असतं, त्याला मला चार तास लागत होते. चार तासांत तापमान सरकायचं, आणि आलेख दर वेळी वेगळा. चार महिने मला वाटत राहिलं की नमुनेच खराब बनतायत. मी ते पुन्हा पुन्हा बनवत राहिले. शेवटी एका सिनियरने विचारलं, "नमुन्याच्या जागी ४० ओहमचा साधा रेझिस्टर लावून बघितलास का?" नव्हता लावला. लावला, आणि तोच नॉइज दिसला. चार महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला.

म्हणून यंत्र मागवण्याआधी एका कागदावर एवढं लिहा:

१. माझा सिग्नल किती व्होल्टचा?
२. स्रोताचा रोध किती, आणि त्याचा स्वतःचा नॉइज किती?
३. यंत्राचा इनपुट नॉइज त्या रोधाला, त्या गेनला, त्या वारंवारतेला किती?
४. शीटवरचा आकडा कोणत्या संदर्भाने दिलाय?

चौथं उत्तर शीटवर नसेल तर विक्रेत्याला ईमेल करून विचारा. लाजू नका. आणि यंत्र आलं की पहिल्या दिवशी नमुना नाही, साधा रेझिस्टर लावा. दहा रुपयांची वस्तू आहे. माझे चार महिने वाचले असते.